भूमीआजोबांचा कौल आणि उलटा पंखा

खे-पिन,
दुसऱ्या महिन्याच्या अमावास्येला दोन दिवस कमी

तीर्थरूप अ-चू आक्काच्या पायांशी,

धाकट्या अ-तुंगचा वाकून नमस्कार. गावदेव भूमीआजोबांच्या कृपेने इकडे आम्ही उभे आहोत आणि लसूण आडवा आहे, म्हणजे काढणी चालू आहे आणि सगळं ठीक आहे. तुझ्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला का? डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली का? भावजींचे गुडघे कसे आहेत? या पत्रासोबत लसणाच्या दोन जुड्या आणि खारे दाणे पाठवतो आहे. जुड्या खिडकीत टांग, फ्रीजमध्ये ठेवू नकोस (मागच्या वेळी ठेवल्यास आणि मला कोंब फुटल्याचा फोटो पाठवलास, मी तो हिला दाखवला नाही). अक्षर मुद्दाम थोराड काढतो आहे, म्हणजे तुला कुणाच्या मदतीशिवाय वाचता येईल. कारण पुढचा मजकूर तुझ्यामाझ्यातच राहिलेला बरा.

फोन का केला नाही म्हणशील. केला होता. चार-पाच वेळा केला. दर वेळी अ-ची उचलते, 'आत्या आंघोळीला गेली आहे' म्हणते आणि ठेवते. आक्का, इतकी आंघोळ तू लहानपणी सणासुदीलासुद्धा केली नव्हतीस. मी समजलो. पोरीला माझ्याशी बोलायचं नाही आणि खोटंही नीट बोलता येत नाही. पहिल्या गोष्टीचं वाईट वाटतं, दुसरीचं बरं वाटतं.

ती तुझ्याकडे राहून शिकते त्याला आता चौथं वर्ष. तिला इंजिनिअरिंगला घातलं (खरं तर तिने स्वतःला घातलं, मी फक्त बॅग उचलून स्टेशनपर्यंत गेलो) तेव्हा माझी समजूत अशी, की इंजिनिअर म्हणजे एकतर पूल बांधणारा, नाहीतर मोटर दुरुस्त करणारा. तिने घेतलेला अभ्यासक्रम तिसराच निघाला. त्यात पहिल्याच वर्षी जगातले मोठमोठे प्रश्न मुलांपुढे मांडतात, दुकानदार कापडाचे तागे उलगडतो तसे, आणि सांगतात, यातला एक उचला आणि पदवी मिळेपर्यंत सोडवा. पाणी, वीज, रोगराई, म्हातारपण, हवा. मी तिला विचारलं, आपल्या लसूण काढायच्या यंत्रात ढेकूळ अडकतं, ते या यादीत आहे का? ती म्हणाली, बाबा, तो जगाचा प्रश्न नाही. मी म्हटलं, खे-पिनमधून दुसरं जग दिसतं कुठे? त्यावर ती हसली होती. तेव्हा हसायची.

तिथे दुसऱ्याच्या जागी उभं राहायला शिकवणाराही एक विषय असतो. डोळ्यांना पट्टी बांधून जिना चढायला लावतात, म्हणजे आंधळ्या माणसाची अडचण कळावी. आमच्या वेळी गावच्या शाळेत मास्तर बाकावर उभं करत, पण ते आपल्याच जागी. असो. या विषयात अ-चीला वर्गात सगळ्यांत कमी गुण मिळाले. शेरा असा, की ही ऐकून घेण्याआधीच उपाय सांगते. आमची ही म्हणाली, 'अहो, हे काही तिथे शिकलेली नाही, घरूनच घेऊन गेली आहे,' आणि माझ्याकडे न बघता भांडी घासू लागली. प्रश्नांपैकी तिने हवा निवडली. हवाच का, म्हणून विचारलं तर म्हणाली, 'असंच.' माझं तेवढ्यावर समाधान झालं. बापांचं समाधान फार लवकर होतं, हा आमचा एक दोषच आहे.

शेवटच्या वर्षाचा नियम असा, की केलेलं यंत्र एखाद्या खऱ्या गावात लागलं पाहिजे, आणि गावाने ते राजीखुशीने वापरलं पाहिजे. प्राध्यापक ल्याओ स्वतः येऊन बघणार. ज्या मुलांचं यंत्र चालेल त्यांना एक वर्ष मंगोलियाला पाठवणार. तिथल्या राजधानीत हिवाळाभर घरोघरी कोळशाच्या शेगड्या पेटतात आणि धुरात समोरचा माणूस दिसत नाही, तो धूर कमी करायला. हे तिने आम्हाला नव्या वर्षाच्या जेवणावर सांगितलं. मी 'वा, छान' म्हणालो आणि ताटातला मासा खात राहिलो. घरात बरकत उरावी म्हणून नव्या वर्षाचा मासा थोडा शिल्लक ठेवायचा असतो, हे गावातल्या रांगत्या पोरालाही कळतं. मी तो डोक्यासकट संपवला. हिने रिकामी थाळी बघितली आणि मग मला बघितलं. मंगोलियाबद्दल मला एवढंच ठाऊक होतं, की तिथल्या थंडीत थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते. हे मला फांग काकांनी सांगितलं (आपल्या देवळाच्या पंचांतले थोरले, ते स्वतः कधी थायचुंगच्या पलीकडे गेले नाहीत, पण गोष्ट खरी वाटेल अशी सांगतात).

तर भूमीआजोबांच्या वाढदिवसाच्या आधी अ-ची यंत्र घेऊन आली. सोबत बो-यान नावाचा तिच्या वर्गातला एक उंच, अतिशय नम्र मुलगा. आल्याबरोबर तो घरोघर विचारत फिरला, की आपल्या गावच्या हवेवर तुम्ही दहापैकी किती समाधानी आहात? फांग काका म्हणाले, अकरा. बो-यान म्हणाला, दहाच्या वर जाता येत नाही. 'मग दहा इथे मांड,' काका म्हणाले, 'आणि एक आईला पाठव. ताइपेत राहते ना बिचारी.' पोराने ते खरोखरच मांडून घेतलं.

यंत्र साधं होतं. देवळाबाहेर सोनं म्हणून देवाला वाहायचे सोनेरी कागद जाळायची जी भट्टी आहे, तिच्या तोंडावर पत्र्याची टोपी, टोपीत पंखा, पंख्यामागे पाण्याचं पिंप. पंखा धूर ओढून घेणार, काजळी पाण्यात बसणार, वरून स्वच्छ हवा जाणार. यावर फांग काकांनी विचारलं, की धूर वर जातो म्हणून तर देवाला सोनं पोचतं, ते पिंपात अडकलं तर? बो-यान बराच वेळ कण आणि वायू यांबद्दल बोलला. अ-ची म्हणाली, 'काका, वर जायचं ते जाणारच. राहते ती नुसती काजळी.' काका म्हणाले, 'आणि सोनं काजळीत असलं तर? तुम्ही देवाचे पैसे पाण्यात घालताय, पोरी.' याचं उत्तर त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, आणि यंदा धूपदानाचा मान माझ्याकडे, म्हणजे देवाच्या वतीने बोलायचं तर मीच बोलायचं.

वाढदिवसाच्या दिवशी सगळं गाव जमलं. बाहुल्यांचा खेळ लागला होता, पांढऱ्याशुभ्र सुटात तालुकाप्रमुख आले होते. देवळात थ्री फेज नाही, म्हणून वायर आमच्या लसणाच्या कोठारातून ओढली होती. भट्टी पेटली, अ-चीने बटण दाबलं, आणि पंखा धूर आत ओढायच्या ऐवजी बाहेर फेकू लागला. आक्का, काय सांगू. राख, ठिणग्या, अर्धे जळलेले कागद, सगळं भट्टीच्या तोंडातून सरळ पाहुण्यांवर. तालुकाप्रमुखांचा सूट आता कोणत्या रंगाचा आहे ते कुणीच ठामपणे सांगू शकत नाही. बाहुल्यांच्या खेळातला सेनापती रणांगण सोडून पडद्याआड गेला. आणि उघड्या दारातून राखेचा लोट थेट गाभाऱ्यात गेला आणि आजोबांची पांढरी दाढी क्षणात काळीभोर झाली. फांग काका वाकून नीट बघून म्हणाले, 'वाढदिवसाला केस काळे करून दिलेत. पोरांना समज आहे.'

चूक पोरांची नव्हती. मागच्या हंगामात कोठारातला लसूण वाळवायचा जुना पंखा उलटा फिरत होता, म्हणून मी त्या प्लगातल्या दोन तारांची अदलाबदल करून ठेवली होती आणि विसरलो होतो. थ्री फेजच्या दोन तारा बदलल्या की मोटर उलटी फिरते, हे आपल्याकडे लसूण पिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. अ-चीने कोठारात जाऊन प्लग उघडला, आत बघितलं आणि माझ्याकडेही बघितलं. मग पक्कड मागितली, तारा बदलल्या, आणि बाहेर येऊन सगळ्या गावापुढे वाकून म्हणाली, 'आमची चूक झाली, माफ करा.' बापाचं नाव तिने घेतलं नाही. मीही घेतलं नाही. ते मी तेव्हाच घेतलं असतं तर पुढचं सगळं कदाचित निराळं झालं असतं.

कारण त्यानंतर यंत्र सुरेख चाललं. भट्टी दिवसभर जळली आणि कुणाच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. बाहुल्यांचे चेहरे मागच्या रांगेतून दिसले. बायका म्हणाल्या, वाळत घातलेले कपडे प्रथमच पांढरे राहिले. फांग काकासुद्धा पिंपात डोकावून 'बरंच सोनं साठलंय' एवढंच म्हणाले. गाव राजी होतं. उरला होता फक्त देवाचा कौल, आणि तो लावायचा माझ्या हाताने.

(तू शहरात राहून विसरली असशील म्हणून लिहितो: कौलाच्या दोन लाकडी चंद्रकोरी टाकायच्या, एक पोट वर आणि एक पाठ वर पडली तर हो; दोन्ही पोटं वर तर देव हसतो, म्हणजे प्रश्न नीट विचार; दोन्ही पाठी वर तर स्वच्छ नाही. आणि सलग तीन 'हो' आले तरच पक्कं.) मी गुडघे टेकले, नाव सांगितलं, घर सांगितलं, आणि मोठ्याने विचारलं, की आजोबा, हे यंत्र भट्टीवर राहू द्यावं का? पहिल्यांदा दोन्ही पोटं वर. देव हसला, गावही हसलं. दुसऱ्यांदा एक हो. तिसऱ्यांदा दोन्ही पाठी वर.

नाही.

पण आक्का, जे मोठ्याने विचारलं ते आणि जे मनात होतं ते एक नव्हतं. ओठांवर यंत्र होतं. मनात सकाळपासून एकच चाललं होतं, की आजोबा, माझी पोर इथेच राहू द्या ना, त्या बर्फात नका पाठवू. कोरी टाकताना मी यंत्राचं नावही विसरलो होतो. देव ओठांचं ऐकतो की मनाचं, हे मला कुठल्या शाळेत शिकवलं नाही, पण मला वाटतं मनाचंच ऐकत असावा, नाहीतर मुक्या माणसांचं काय झालं असतं? म्हणजे त्यांनी जे 'नाही' म्हटलं ते माझ्या मनातल्याला. पोरीला अडवू नकोस, असं. आणि मी ते उचलून तिच्या यंत्राच्या माथी मारलं. तेव्हा हे कळलं नाही असंही नाही. खोल कुठेतरी बरं वाटलं होतं.

फांग काका म्हणाले, असू दे, अटी घालून पुन्हा विचारू. अर्धा कागद यंत्राखाली, अर्धा उघड्यावर. देवाशी घासाघीस आपल्याकडे कोण करत नाही? देऊळ रंगवायच्या वेळी रंगावरून सात वेळा कौल लावला होता. मी नकारार्थी मान हलवली. अ-ची पुढे आली.

'बाबा, पुन्हा विचारा. प्रश्न बदलून विचारा. सगळेच विचारतात.'

मी म्हटलं, 'देवाने सांगितलं ते सांगितलं.'

तिने माझ्याकडे बघितलं, प्लग उघडल्यावर बघितलं होतं तसंच. 'देवाने सांगितलं,' ती म्हणाली, 'की तुम्ही?'

आणि बसला गेली. बो-यान मागे राहून सगळ्यांना वाकून गेला, राखेबद्दल माझी पुन्हा पुन्हा माफी मागून गेला, आणि जाता जाता म्हणाला, की पितरांच्या छिंगमिंग सणानंतरच्या आठवड्यात प्राध्यापक ल्याओ यायचे होते. यंत्र चालू दिसलं नाही तर मंगोलिया दुसऱ्या मुलांना. दुसऱ्या गावात यंत्र लावू, असं तो अ-चीला म्हणाला होता. तिने ऐकलं नाही. म्हणाली, लागेल तर खे-पिनमध्ये, नाहीतर नाहीच. पत्र्याची टोपी आमच्या कोठारात लसणाच्या ढिगाशेजारी पडून राहिली.

भट्टी पुन्हा जुन्या पद्धतीने जळू लागली. मान माझ्याकडे, तेव्हा पहिला धूर रोज माझ्याच छातीत. खोकला तुला माहीतच आहे (फोनवर तू म्हणतेस ना, अ-तुंग, आधी खोकून घे, मग बोल). एकदा सकाळी मी रताळ्याच्या पेजेवर खोकतो आहे, थांबतच नाही, आणि ही समोर बसून शांतपणे बघते आहे. मी म्हटलं, बघतेस काय, पाणी दे. तिने पाणी दिलं आणि म्हणाली, 'अहो, पोरीने जगाचा प्रश्न कुठला घेतला ते कधी विचारलंत?'

'हवा,' मी म्हटलं.

'तुमचा खोकला. पहिल्याच वर्षी मला म्हणाली, आई, यादीत बाबांचा खोकला नव्हता, म्हणून हवा घेतली.'

चार वर्षं हिने हे पोटात ठेवलं. का ठेवलंस, विचारलं तर म्हणते, तुम्ही ऐकून घेण्याआधीच उपाय सांगितला असतात. त्या दिवशी मी शेतावर गेलो नाही. कोठारात टोपीशेजारी बसून राहिलो. दुसऱ्याच्या जागी उभं राहायच्या विषयात तिला ज्यांनी कमी गुण दिले, त्या मास्तरांना मला एकदा भेटायचं आहे. रागावणार नाही. लसूण देईन.

मग फांग काकांना घेऊन देवळात गेलो. आजोबांची दाढी अजून थोडी करडीच आहे, कितीही धुतली तरी. गुडघे टेकले आणि झालं ते सगळं मोठ्याने सांगितलं, प्लगासकट. काका मागे उभे होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'देवाला एका वेळी एकच प्रश्न विचारावा, अ-तुंग. माझ्या बायकोलासुद्धा दोन चालत नाहीत.' मी एकच विचारला. यंत्र राहू द्यावं का? हो. हो. हो. कोरी अशा पटापट पडल्या, जणू आजोबा केव्हाचे ताटकळत बसले होते.

तर यंत्र भट्टीवर चढवलं आहे, प्राध्यापकांनी खुशाल यावं. गाव वापरतं आहे. काकांनी तर पिंपावर लाल कागद चिकटवून त्याला देवाची तिजोरी असं नाव दिलं आहे. तू अ-चीला एवढंच कळव, आणि ती दोन वेळा जेवते ना ते मला कळव. बाकी मनातल्या-ओठांवरच्या गोष्टी तिला सांगू नकोस. त्या मी कधीतरी समोर बसून सांगेन, असं दरवर्षी ठरवतो त्यांतलंच हेही.

थोरल्यांना वंदन, भावजींच्या गुडघ्यांना आराम पडो.

तुझा,
अ-तुंग

ता. क. छिंगमिंगला वडिलांच्या कबरीवरचं गवत काढायचं आहे, दगडावरची अक्षरं लाल रंगाने पुन्हा भरायची आहेत. माझा हात थरथरतो, तिचा नाही. हिने पातळ पोळीच्या गुंडाळ्यांची तयारी केली आहे, शेंगदाण्याचा कूट जास्त घालून, तिला आवडतो तसा. पण नुसतं 'ये' म्हटलं तर ती येणार नाही. तेव्हा तिला सांग, की पंखा पुन्हा उलटा फिरायला लागला आहे आणि गावात कुणालाच कळत नाही. हे खरं आहे, पंखा उलटाच फिरतो आहे. आज सकाळी दोन तारा मीच बदलून ठेवल्या. हे मात्र सांगू नकोस.

आणखी एक. आपल्या युनलिन जिल्ह्यात थंडीचे कोट मिळतात ते वाऱ्यापुरते. ताइपेत म्हणे बर्फात घालायचे मिळतात, आत पिसं भरलेले. तेवढा एक घेऊन ठेव, जाडात जाड. टोपी कानांवरून येणारी हवी. किती लागतील ते कळव, लसूण विकला की देतो. मंगोलियाबद्दल भूमीआजोबांना वेगळं विचारलं नाही. त्यांनी एकदा सांगितलेलं आहे.

शेवटचं. आक्का, अक्षर कितीही थोराड काढलं तरी ऑपरेशन होईपर्यंत तुझी पत्रं तुला कोण वाचून दाखवतं ते मला ठाऊक आहे. तेव्हा अ-ची, इथपर्यंत आलीच आहेस तर आत्याला पाणी दे आणि कोटाचं माप तूच कळव. येताना पक्कड आणू नकोस, घरात आहे. तू येईपर्यंत भट्टी पेटवत नाही. आजोबांना विचारून घेतलं, चालेल का म्हणून. दोन्ही पोटं वर पडली.